दीड इंच

बर्मिंगहॅमला माझी थोरली बहीण असते. रत्नागिरीकडची आमची बरीच माणसं एकेकाळी विलायतेला गेली, त्यांत आपाचे सासरे होते. मागे मी तिच्याकडे गेलो तेव्हा भाच्यानं नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती. एमजीबी, १९७६ची, दोन सीटची, उघड्या टपाची. दिसायला जमिनीला चिकटलेली, एखादा चित्ता दबा धरून बसावा तशी. आपा तिच्यात एकदाच बसली. कंबर धरून उतरली आणि म्हणाली, ‘‘यापेक्षा बस बरी.’’ भाचा हिरमुसला. मला म्हणाला, ‘‘मामू, अम्मी बसणार नसेल तर या गाडीचा काय उपयोग?’’

मी बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस. पण पुढचे दोन शनिवार-रविवार भाच्याला पाने देता देता जे कळलं, ते सांगतो.

एमजीबी ही गाडी १९६२ साली आली आणि १९८०पर्यंत अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनत राहिली. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. त्यामुळे नियम अमेरिकेचे लागले. बंपर धक्का सोसणारा हवा, दिवे अमुक उंचीवर हवेत. म्हणून १९७४च्या अखेरीस क्रोमचे नाजूक बंपर गेले आणि काळे, जाडजूड बंपर आले. त्यांना रबरी म्हणतात. खरं तर ते पॉलियुरेथेनचे, आत पोलाद. दिव्यांसाठी पुढचा भाग नव्यानं आखण्याऐवजी कंपनीनं सगळी गाडीच इंच-दीड इंच वर उचलली. सुंदर मुलगी टाचा उंचावून उभी राहावी, तशी ती दिसू लागली. वळणावर कलूही लागली. तेव्हापासून या गाडीचे शौकीन तिला पुन्हा खाली आणत आले आहेत, आणि त्यांचं काही चुकत नाही. वजन जितकं खाली, तितकं वळणावर ते बाहेरच्या चाकांवर कमी ढकललं जातं.

चूक होते ती ‘किती’ या प्रश्नात. भाच्याच्या आधीच्या मालकानं गाडी तीन इंच खाली घेतली होती, तीही कटरनं. पुढच्या स्प्रिंगचे वेढे कापून टाकलेले. आता वेढा कापला की स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, कडकही होते. आठातला एक गेला तर ती सुमारे चौदा टक्के कडक. मात्रा तोडली की ओळ आखूड होते आणि तिची चालही मोडते, हे मला ठाऊक होतं. लोखंडाचंही तेच, हे नव्हतं. शिवाय ही स्प्रिंग चाकापाशी नसते, आत खालच्या आर्मवर बसते. त्यामुळे ती इंचभर कापली की गाडी इंचाहून बरीच जास्त खाली येते.

मागच्या बाजूला आपल्या ट्रकला असतात तसे पाटे. अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर बसतो. दोघांच्या मध्ये धातूचा ठोकळा घालायचा, लांब यू-बोल्ट लावायचे, की बॉडी खाली येते. सोपं आणि स्वस्त काम. पण अ‍ॅक्सल आणि बॉडी यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, तिच्यातूनच हा ठोकळा आपली उंची वसूल करतो. जागा संपली की अ‍ॅक्सल वरच्या रबरी स्टॉपवर आदळतो, आणि त्या क्षणापुरती गाडीला स्प्रिंगच नसते. सरळ रस्त्यावर आपाची कंबर जाते. खडबडीत वळणावर मागचं चाकच सटकू शकतं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटली. गाडी वळणावर एका काल्पनिक बिंदूभोवती कलते, आणि त्याची जागा पुढचे आर्म कोणत्या कोनात आहेत यावर ठरते. गाडी फार खाली घेतली की आर्म चाकाच्या दिशेनं वर चढू लागतात आणि तो बिंदू गाडीच्या वजनापेक्षा भरभर खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे तरफ लांब होते. कलणं कमी व्हावं म्हणून गाडी खाली घ्यायची आणि कलंडवणारा जोर मात्र वाढवून ठेवायचा! कडक स्प्रिंग तो झाकते, एवढंच.

त्यात इंग्लंडच्या गल्ल्यांतले स्पीडब्रेकर. तिथल्या नियमानुसार ते शंभर मिलिमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार इंच उंच असू शकतात. भाच्याच्या गल्लीत तसे चार. प्रत्येकावर एक्झॉस्टची नळी खरवडत जायची. रेसच्या मैदानावर स्पीडब्रेकर नसतात आणि शेजारी आई बसलेली नसते. तिथली उंची रस्त्यावर आणून चालत नाही.

भाच्यानं शेवटी दीडच इंच ठरवला, साधारण १९७४पूर्वीची उंची. कापलेल्या स्प्रिंग भंगारात गेल्या. त्या उंचीसाठीच बनवलेल्या नव्या स्प्रिंग आणल्या, मागे पातळ ठोकळे घातले. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा हात नेते, म्हणून ते काम लांब बोल्ट लावून, एकेक वेढा सैल करत केलं. गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर. एक बारकावा असा की रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच पक्के आवळायचे. अधांतरी आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग व्हील अलाइनमेंट, आणि दिव्यांचा रोख नव्यानं. नाही तर उजेड भलत्याच ठिकाणी पडतो.

विमा कंपनीलाही कळवलं. हे लोक विसरतात आणि अपघातानंतर त्यांना आठवतं. तिथे चाळीस वर्षांहून जुन्या बहुतेक गाड्यांना मे २०१८पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे खाली वाकून बघणारं दुसरं कुणी नाही.

नव्या स्प्रिंग थोड्या बसतात. म्हणून पहिल्या आठवड्यात भाचा रोज चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायचा आणि आकडे भिंतीवर लिहायचा. दुसऱ्या रविवारी आपा मागे उशी घेऊन बसली. चारही स्पीडब्रेकर गेले, काही खरवडलं नाही. ती म्हणाली, ‘‘बरी आहे.’’ पण स्पीडब्रेकर दिसला की अजून दाराची कडी घट्ट धरते, असं परवा भाचा फोनवर सांगत होता.