तुराट्यांचा कोळसा, रंगाचं पाणी
चाकूरच्या शिवारात तुरीची रास झाली की उरतात तुराट्या. त्या चुलीत जातात, नाहीतर बांधावर पेटतात. त्यांचाच सक्रिय कोळसा करता येतो. तुराट्यांचा भुगा फॉस्फोरिक आम्लात भिजवून, हवा कोंडून, सुमारे 500 अंश सेल्सिअसला भाजला की कोळशात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार होतात. चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅम कोळशाचा पृष्ठभाग 1000 चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे!

कापड रंगाईचं सांडपाणी या कोळशातून गाळलं की रंगाचे रेणू छिद्रांच्या भिंतींना चिकटतात. हेच अधिशोषण. मात्र रंग नाहीसा होत नाही. पाण्यातून कोळशात जातो. म्हणून वापरलेला कोळसा उकिरड्यावर टाकून चालत नाही.