काचेतील पिवळा सोबती

निवृत्तीनंतर घरात मत्स्यपेटी ठेवण्याचा मनोदय असेल, तर आफ्रिकेतील मलावी सरोवरातला पिवळाधमक ‘यलो लॅब’ अवश्य विचारात घ्यावा. सुमारे चार इंच वाढणारा हा सिक्लिड आपल्या भाऊबंदांच्या मानाने शांत असतो. त्याला जड, अल्कधर्मी पाणी मानवते, सामू ७.८ ते ८.६ आणि तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस राखावे. लपण्यासाठी दगडांच्या कपारी रचाव्यात. मादी अंडी तोंडात उबवते. त्या दिवसांतील तिचा उपास हा आजार समजू नये.

दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे. मात्र भरलेली बादली ज्येष्ठांनी उचलू नये. पाणी काढताना नळी तोंडाने ओढू नये. हातावर जखम असल्यास, विशेषतः मधुमेहींनी, हातमोजे घातल्याविना पाण्यात हात घालू नये. या पाण्यात क्षयजंतूचा एक नातलग असू शकतो. त्याच्यामुळे बोटावर आलेली गाठ नेहमीच्या औषधांना दाद देत नाही आणि महिनोन्महिने रेंगाळते. अशा वेळी डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, ‘माझ्या घरी मासे आहेत.’ निदानाची वाट बहुधा त्या एका वाक्यातूनच सापडते.