पाणी लाल झाले, ते सळयांमुळे

रत्नागिरीत मारुती मंदिरापासून नाचण्यापर्यंत कुठल्याही सोसायटीत हा खेळ अधूनमधून होत असतो. पाण्याचे यंत्र विकायला आलेला माणूस दोन ग्लास मागतो. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओ यंत्राचे. दोन्ही ग्लासांत धातूच्या सळया असलेले उपकरण बुडवून तो बटण दाबतो. मिनिटा-दोन मिनिटांत नळाचे पाणी तांबडे, मग काळपट हिरवे होते आणि वर गाळ तरंगू लागतो. आरओचे पाणी मात्र तसेच्या तसे. मग ठरलेले वाक्य येते: "काकू, हे तुम्ही रोज पिता. गुडघे का धरले, केस का पिकले, चेहऱ्यावर सुरकुत्या का आल्या, आता कळलं ना?" काकू यंत्र हप्त्यांवर घेतात, आणि आठवड्याभरात शेजारच्या चार घरांत हेच ज्ञान पोचते.

तो गाळ पाण्यात नव्हताच. त्या सळयांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यातून वीज वाहिली की लोखंड विरघळते, त्याचा गंज बनतो आणि तोच तरंगताना दिसतो. नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास उरलेलेच नसतात, म्हणून तिथे काही घडत नाही. विक्रेत्याला पुढच्या वेळी एवढेच सांगा, की तुझ्या शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाक आणि पुन्हा बटण दाब. तेही लाल होईल. मीठ काही विष नव्हे.

दुसरे हत्यार म्हणजे टीडीएस मीटर. हे मीटर पाण्याची वीजवाहकता मोजते आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. हे क्षार मुख्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट. भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ नुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने टीडीएससाठी आरोग्यावर आधारित मर्यादाच घातलेली नाही. तिथे प्रश्न मुख्यतः चवीचा आहे.

आता आपल्याकडचे पाणी पाहा. शहराला पाणी येते ते शीळ आणि पानवल धरणांतून, म्हणजे पावसाचेच साठवलेले. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वरचा जांभा असा सच्छिद्र, की पाणी त्यात फार काळ थांबत नाही, त्यामुळे क्षार उचलायला त्याला सवडच मिळत नाही. धरण असो वा जांभ्यातली विहीर, इथले पाणी मृदू आणि टीडीएस बहुतेक ठिकाणी ५०० च्या बरेच खाली. राष्ट्रीय हरित लवादाने २० मे २०१९ च्या आदेशात म्हटले होते, की जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओच्या वापरावर बंदी आणावी. रत्नागिरीतली बहुतेक घरे त्यात मोडतात. शिवाय घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडतो. मे महिन्यात वाड्या-वस्त्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, त्याच जिल्ह्यात आपण हे करतो.

आरओला जागाच नाही असे नव्हे. खाडीकाठच्या विहिरीत उन्हाळ्यात खारे पाणी शिरते, तिथे तो कामाचा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षे ते पाणी पिऊन दात डागाळतात, हाडे ताठरतात, चाळिशीतला माणूस वाकून चालतो. पाण्याने अकाली म्हातारपण येते याचे खरे उदाहरण हे. पण तिथेही दोष फ्लोराइडचा. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या पुढे गेलेले फ्लोराइड टीडीएसच्या आकड्यात ओळखूही येत नाही.

या सगळ्या प्रकाराचा खरा राग येतो तो इथेच. आपल्याला आजारी पाडणारी गोष्ट मीटरला दिसतच नाही. एका ग्लासात कावीळ पसरवणारा विषाणू असला तरी मीटर '६०' दाखवून मोकळे होते. २०१२ मध्ये इचलकरंजीत हिपॅटायटिस ई या काविळीची साथ आली ती सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. मग झालेल्या पाण्याच्या तपासणीत जार भरून विकणाऱ्या खासगी आरओ प्रकल्पांचे पाणीही पिण्यास अयोग्य निघाले. महापालिकेला ते प्रकल्प बंद करावे लागले. क्षार काढले म्हणजे जंतू गेले असे नाही. उलट क्लोरीन काढून टाकलेले पाणी अस्वच्छ जारमध्ये भरले की जंतूंना मोकळे रान.

रत्नागिरीत धोका कधी वाढतो? पाणी दिवसाआड येऊ लागले की जलवाहिनी मधल्या वेळेत रिकामी राहते. आत दाब नसतो, आणि गळक्या जोडातून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. दुसरी वेळ पहिल्या मुसळधार पावसाची, जेव्हा लाल माती विहिरीत आणि धरणात उतरते. लाल रंगाने कोणी मरत नाही. पण गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातो आणि जंतू मातीच्या कणांआड लपतात.

म्हातारपणाचेही पाहू. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११,२५५ प्रौढांच्या सुमारे तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या रक्तात सोडियम जास्त राहत होते, म्हणजे बहुधा ज्यांच्या पोटात पाणी कमी जात होते, त्यांच्यात जैविक वय वाढल्याच्या खुणा आणि जुनाट आजार अधिक दिसले. हा केवळ संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. आणि तोही पाणी किती पिता याबद्दल आहे, कुठल्या यंत्रातले पिता याबद्दल नाही.

आता बाकीचे समज, थोडक्यात.

"क्षारांमुळे मुतखडा होतो." इटलीत १९९ रुग्णांवर पाच वर्षे चाललेल्या आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भरपूर पाणी पिणाऱ्या गटात खडा परत होण्याचे प्रमाण १२ टक्के होते, दुसऱ्या गटात २७ टक्के. पाणी वाढवा.

"केस पाण्यामुळेच गळतात." जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड भागात लोकांचे केस झपाट्याने गळू लागले तेव्हा पहिला आरोप पाण्यावरच झाला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास केला, तेव्हा बोट गेले ते गव्हातल्या सेलेनियमकडे.

"कठीण पाण्याने त्वचा बिघडते." साबणाचा थर राहून कोरडेपणा वाढू शकतो. पण इसब असलेल्या ३३६ मुलांच्या घरी पाणी मृदू करणारे यंत्र बसवूनही इसब कमी झाला नाही, असे २०११ च्या ब्रिटिश चाचणीत दिसले. आपले पाणी तर आधीच मृदू.

"अल्कलाइन पाण्याने तारुण्य टिकते." जठरातले आम्ल त्याचा निकाल घोटभरातच लावते.

"सकाळी पहिले पाणी तांबूस, म्हणजे विष." जांभ्यातले पाणी किंचित आम्लधर्मी असते, जुन्या लोखंडी पाइपाला गंज धरतो. ते पाणी वाहू द्या, झाडांना घाला.

"तांब्याच्या कळशीतले पाणी म्हणजे अंधश्रद्धा." नाही. तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यात अतिसाराचे जिवाणू मरतात, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय प्रयोगात दिसले. कळशी आतून घासलेली हवी आणि तीत कोकम सरबत करू नये, आंबटाने तांबे उतरते.

"क्लोरीनचा वास येतो, म्हणजे पाणी खराब." क्लोरीनच्या उपपदार्थांवर संशोधन चालू आहे. तरी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका स्पष्ट आहे: त्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा. पाणी उघडे ठेवले की वास जातो.

मग करायचे काय? गढूळ पाणी तुरटी फिरवून निवळू द्या, गाळा आणि खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर उकळा. विहीर असेल तर पावसाळ्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वेळेवर पडते का पाहा आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून क्लोरीन उरला आहे का हे दाखवणारी ओटी चाचणी करून घ्या. पाणीस्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणात ग्रामपंचायतीला हिरवे कार्ड मिळाले की लाल, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. शंका असेल तर जिल्हा प्रयोगशाळेत जिवाणू तपासणी करा. आणि दारात सळया घेऊन आलेल्या माणसाने टीडीएस सांगितला, की त्याला विचारा: पाण्यात ई. कोलाय आहे का, ते हे मीटर सांगते का? उत्तर 'नाही' असेच आहे. ते त्याच्याच तोंडून ऐका, आणि दार लावा.