गाव-शहर राहणीमानातील तफावत आणि शेतीचे रिकामे महिने



शहरातील आणि खेड्यातील कुटुंबांच्या राहणीमानात तफावत आहे, हे आपणांस कोणी आकडे मांडून सांगण्याची गरज नाही. मुलगा बारावीनंतर पुण्याची वाट धरतो आणि शेती असलेल्या मुलाला मुलगी देताना पाहुणे आधी नोकरीची चौकशी करतात. तरीही ही तफावत किती आहे आणि तिच्यातील कोणता भाग आपल्या हातात आहे, हे समजण्यासाठी थोडी आकडेमोड करावीच लागते.

केंद्र शासनाच्या २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीनुसार देशात ग्रामीण भागातील माणशी दरमहा खर्च ४,१२२ रुपये, तर शहरी भागातील ६,९९६ रुपये आढळला. महाराष्ट्रात हेच आकडे अनुक्रमे ४,१४५ आणि ७,३६३ रुपये असे आहेत. म्हणजे देशात शहरी खर्च ग्रामीण खर्चापेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी, तर आपल्या राज्यात सुमारे ७८ टक्क्यांनी जास्त आहे. २०११-१२ मध्ये देशपातळीवर ही तफावत ८४ टक्के होती. ती घटली, हे खरे. शहरी खर्चात साडेसहा टक्क्यांच्या आसपास घरभाडे असते व खेड्यात बहुतेकांचे घर स्वतःचे असते, हेही लक्षात घ्यावे. परंतु खेड्यातील कुटुंबाच्या खर्चापैकी जवळजवळ निम्मा, म्हणजे ४७ टक्के भाग, केवळ खाण्यावर जातो. शहरात तो ४० टक्क्यांच्या आत आहे. शिक्षण, औषधपाणी व घरदुरुस्ती उरलेल्या पैशांत भागवायची असते. त्यातही तालुक्याच्या दवाखान्यात जायचे तर गाडीभाडे आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी वेगळी. हा फरक कोणत्याही सरासरीत दिसत नाही.

तफावत केवळ गाव आणि शहर यांच्यातच आहे असे नाही. राज्य शासनाने १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. समितीने १९८४ च्या अहवालात जिल्हावार अनुशेष काढला. तो सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा होता आणि त्यात सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा होता. पुढे १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत २०२० मध्ये संपली. रस्ते, दवाखाने, शाळा आणि धरणाचे पाणी हे शासनाचे काम आहे व त्याचा आग्रह गावाने धरलाच पाहिजे. शेतकऱ्याने कष्ट वाढवले की सर्व ठीक होईल, असे सांगणारे बरेच भेटतात. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही.

हिशेब कोठे अडतो?

आता शेताकडे येऊ. समजा, मराठवाड्यातील एका पाच माणसांच्या कुटुंबाकडे पाच एकर कोरडवाहू मध्यम जमीन आहे व सर्व क्षेत्रावर सोयाबीन आहे. पाऊस बरा झाला आणि एकरी ८ क्विंटल उतारा मिळाला, तर ४० क्विंटल माल होतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी जाहीर झालेला हमीभाव ५,३२८ रुपये पूर्ण मिळाला असे धरू. बाजारात तो नेहमी मिळतोच असे नाही, हे आपण जाणताच. एकूण २,१३,१२० रुपये होतात. एकरी २०,००० रुपये खर्च वजा केल्यास १,१३,१२० रुपये उरतात. महिन्याला साधारण ९,४०० आणि माणशी १,९०० रुपयांच्या आत. वर दिलेल्या ग्रामीण सरासरी खर्चाच्या हे निम्मेसुद्धा नाही, आणि हे चांगल्या वर्षाचे गणित आहे.

उरलेली भर मजुरीतून घातली जाते. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आढळले. त्यात पिकांचे ३,७९८ रुपये, तर मजुरी व पगाराचे ४,०६३ रुपये होते. ज्याला आपण शेतकरी म्हणतो तो मजुरीवर पिकापेक्षा अधिक मिळवतो.

याचे कारण पिकाच्या कालावधीत आहे. सोयाबीन ९५ ते ११० दिवसांचे पीक. एकरी २० मनुष्यदिवस धरले तरी पाच एकरांस १०० दिवस काम होते. घरातील दोन कर्त्या माणसांचे मिळून वर्षाला सुमारे ६०० दिवस हाताशी असतात. म्हणजे स्वतःच्या शेतात सहातील एकच दिवस काम! फवारणी व मळणी यंत्राने केली तर तेवढेही नाही. शहरातील नोकरदाराचा पगार फार मोठा असतो असे नाही, पण तो बाराही महिने येतो. खेड्यात ऑक्टोबरमध्ये आलेला पैसा फेब्रुवारीत संपतो आणि पुढच्या पेरणीसाठी उसनवारी सुरू होते.

आणखी एक गोष्ट घडली आहे. सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली तेव्हा नगदी पैसा आला, परंतु कडबा गेला. सोयाबीनचे भुसकट कडब्याची बरोबरी करू शकत नाही. वैरण विकत घ्यावी लागली आणि दावणीची जनावरे कमी झाली. रोज नाही तरी दर आठवड्याला हातात पडणारा दुधाचा पैसा त्याबरोबर थांबला. पिकांचे अर्थशास्त्र मांडताना हा कडबा बहुधा जमेस धरला जात नाही.

काय करता येईल?

सलग सोयाबीनऐवजी सोयाबीन व तूर ४:२ या प्रमाणात आंतरपीक घ्यावे. तुरीची काढणी डिसेंबर-जानेवारीपर्यंत लांबते, त्यामुळे काम आणि जोखीम दोन्ही विभागली जातात. मध्यम जमिनीत बीडीएन ७११ हा सुमारे १५० ते १५५ दिवसांत येणारा वाण उपयुक्त ठरतो. जेथे जमीन खोल आहे तेथे काही क्षेत्र खरिपात राखून सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून वाफशावर परभणी मोती किंवा फुले वसुधा ही रब्बी ज्वारी पेरावी. विहिरीस थोडे पाणी असल्यास दहा गुंठे फुले जयवंत हे संकरित नेपिअर गवत लावावे. एक-दोन जनावरांच्या हिरव्या वैरणीला त्याचा चांगला आधार होतो. वैरणीची सोय होण्याआधी कर्ज काढून गाई घेऊ नयेत.

तुरीपासून डाळ करण्याचे काम मात्र खास रिकाम्या महिन्यांचे आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल बचत गटाला चालविता येते. १०० किलो तुरीपासून साधारण ७० ते ७५ किलो डाळ मिळते. चुणी व टरफल जनावरांना उपयोगी पडते. पण यात उतरण्यापूर्वी पडताळा घ्यावा. तूर ८० रुपये किलो असेल आणि उतारा ७० टक्के असेल, तर एक किलो डाळीत सुमारे ११४ रुपयांची तूर जाते. त्यावर वीज, तेल, पोती, वाहतूक, घसारा आणि घरच्यांची मजुरी मिळवावी. येणाऱ्या आकड्यापेक्षा जवळच्या शहरात डाळीला जास्त भाव असेल तरच यंत्र घ्यावे. नसल्यास तूर विकलेली बरी. एकट्याने यंत्र घेतले तर ते वर्षातील बराच काळ बंद राहते, म्हणून गावातील किंवा शेजारच्या दोन गावांतील तुरीचा अंदाज आधी काढावा.

कोणत्याही बदलाआधी एक वही घालावी. मृग नक्षत्रापासून पुढच्या मृगापर्यंत घरातील प्रत्येक कर्त्या माणसाचे, स्त्रियांचेही, स्वतःच्या शेतातील कामाचे दिवस, बाहेरील मजुरीचे दिवस आणि रिकामे दिवस महिनावार लिहावेत. शेजारच्या रकान्यात त्या महिन्यात आलेला व गेलेला पैसा लिहावा. ज्या तीन-चार महिन्यांत दोन्ही रकाने कोरे दिसतील, त्यांच्यासाठीच पूरक उद्योग निवडावा आणि ही वही घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांशी चर्चा करावी.