चालकाच्या हातातील चक्र
जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीचे स्टिअरिंग : दुरुस्त करावे की बदलावे?

विजयादशमीच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सोने लुटण्याचा सोहळा होतो. दिगंबर जैन बोर्डिंगच्या परिसरात शिकलेल्या कितीतरी पिढ्यांनी हा सोहळा पाहिला आहे. त्या गर्दीत शाही परिवाराइतकेच कुतूहल असते ते त्यांच्या भगव्या रंगाच्या मेबॅक मोटारीचे. राजाराम महाराजांच्या काळातील, १९३० च्या दशकात जर्मनीत तयार झालेली ही मोटार आजही दसऱ्याला स्वतःच्या चाकांवर येते. संग्रहालयातील वस्तू केवळ पाहावयाची असते. चालणाऱ्या जुन्या मोटारीच्या प्रत्येक भागाला मात्र आजही आपले काम करावे लागते.

राजवाहन सर्वांच्या वाट्याला येत नाही. परंतु एखाद्या घरी आजोबांनी हौसेने घेतलेली छोटी, दोन आसनांची ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटार शेडमध्ये आच्छादन घालून ठेवलेली असते. नातू ती पुन्हा सुरू करण्याचे मनावर घेतो. इंजिन, ब्रेक, टायर यांची यादी होते. शेवटी तो आसनावर बसतो, स्टिअरिंग धरतो आणि बोटांना भेग लागते. येथून खरा विचार सुरू होतो, कारण याच भागावर चालकाचा जीव शब्दशः हातात असतो.

चक्राची रचना

स्टिअरिंगचे कडे वरवर एकसंध दिसले तरी त्याच्या आत बहुधा पोलादी कड्याचा सांगाडा असतो. त्यावर कठीण रबर, सेल्युलॉइड किंवा तत्सम प्लॅस्टिकचा थर चढविलेला असतो. मधोमध हब, हब आणि कडे यांना जोडणारे आरे, आणि हबच्या आत स्टिअरिंगच्या दांड्यावर घट्ट बसणारे दाते असतात. १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधील अॅबिंग्डन येथे सुमारे १०,००० एम.जी. टी.सी. मोटारी तयार झाल्या. तिच्या स्टिअरिंगचे आरे लवचीक पोलादी तारांचे असत, त्यामुळे खडबडीत रस्त्याचे धक्के हातापर्यंत येईतो सौम्य होत. इटलीतील नार्दी यांच्या नावाने १९५० च्या दशकात लाकडी कड्याची स्टिअरिंगे प्रसिद्धीस आली. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपमध्येही लाकडी कडे आणि अॅल्युमिनियमचे तीन आरे होते.

भेगा पडण्याचे कारण या रचनेतच आहे. उन्हाने पोलाद आणि प्लॅस्टिक दोन्ही प्रसरण पावतात, पण सारख्या प्रमाणात नव्हे. वर्षानुवर्षांत प्लॅस्टिकमधील मऊपणा राखणारी द्रव्ये उडून जातात, थर आकसतो आणि जेथे आरा कड्याला मिळतो तेथे प्रथम तडकतो. भेगेतून घाम आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यातील दमट हवा आत शिरते. पोलाद गंजते, गंज फुगतो आणि भेग आणखी रुंदावते. लाकडी कड्याचे सांधे पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात आकसून हळूहळू सुटतात.

आधी सांगाडा, मग रूप

दुरुस्तीची पहिली पायरी परीक्षणाची आहे. बॅटरीचा संबंध तोडून, हॉर्नची तार सोडवून, पुढची चाके सरळ ठेवून स्टिअरिंग काढावे. काढण्यापूर्वी दांडा आणि हब यांवर एकच खूण करावी, म्हणजे परत बसविताना एकही दाता चुकत नाही. हब निघत नसेल तर पुलर वापरावा. मागून हातोडी मारल्यास दांडा, त्याचे आटे किंवा खालचा गिअर बिघडू शकतो.

मग चक्र सपाट फरशीवर ठेवून वाकलेले आहे का ते पाहावे. प्रत्येक आरा हबपाशी हलवून बघावा, दाते झिजले आहेत का तपासावे, आणि भेगेच्या आतील पोलाद खरवडून गंज वरवरचा आहे की खोलवर गेला आहे हे ठरवावे. आरा सुटला असेल, सांगाडा तडकला असेल किंवा दाते बोथट झाले असतील, तर लांबी भरून वरून रंग देणे म्हणजे दोष झाकणे होय. त्या काळच्या बहुतेक मोटारींत स्टिअरिंगचा दांडा सरळ आणि ताठ असे. आघाताने दबून आत जाणारे दांडे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. म्हणून जुन्या मोटारीत चक्राची बळकटी हा सौंदर्याचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

सांगाडा शाबूत असेल तर मात्र दुरुस्ती पूर्णपणे शक्य आहे. भेगेच्या कडा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात कापून रुंद कराव्यात, गंज तारेच्या ब्रशने काढावा, तेलकटपणा पुसावा आणि दोन भाग मिसळून घट्ट होणारे इपॉक्सी थराथराने भरावे. प्रत्येक थर पूर्ण सुकू द्यावा. पुढे भरड पॉलिश पेपरपासून सुरुवात करून क्रमाने बारीक पेपरपर्यंत घासत आणावे, प्रायमर द्यावा आणि शेवटी रंग. घाई केल्यास पहिल्याच उन्हाळ्यात भेग पुन्हा डोके वर काढते. सेल्युलॉइड अतिशय ज्वालाग्राही असते, म्हणून त्याजवळ वेल्डिंग किंवा ज्योत नेऊ नये.

बदलावे लागले तर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे सुटे भाग करता करता पिढ्यान्‌पिढ्या हात तयार झाले आहेत. तेथील लेथवर नवा हब कातून घेणे अवघड नाही, परंतु एक पथ्य पाळावे. साधे ओतीव बीड स्वस्त आणि सोयीचे असले तरी ठिसूळ असते. आघाताने ते वाकत नाही, तुटते. स्टिअरिंगचा हब योग्य पोलादाचा असावा, दाते मूळ दांड्यावर जराही न डुलता बसावेत आणि नट ठरल्या जोराने आवळलेला असावा. परदेशात जुन्या नमुन्यांची नवी स्टिअरिंगे मिळतात. तेथेही दातांची संख्या आणि दांड्याचा व्यास जुळल्याखेरीज मागणी नोंदवू नये.

जैन कुटुंबांपुढे येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो. तयार मिळणारी अनेक स्टिअरिंगे चामड्याने मढविलेली असतात. चामडे टाळण्यासाठी लाकडी कडे निवडले तरी विचार संपत नाही. जुने सुतार जोडकामाला सरस वापरीत. तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो. लाकडाला झळाळी देणारे चपड्याचे पॉलिश लाखेच्या किड्यांपासून मिळते आणि त्या प्रक्रियेत असंख्य किडे मरतात. आज दोन्हींना सरळ पर्याय आहेत : जोडासाठी इपॉक्सी, वरच्या थरासाठी पॉलियुरेथेन व्हार्निश. ओलावा सोसण्यात हे दोन्ही सरस आणि चपडा यांहून अधिक टिकाऊ आहेत. काम देतानाच कारागिराला हे स्पष्ट सांगावे. कड्यावर सैल कापडी वा कृत्रिम चामड्याचे आवरण चढविण्याचा मोह टाळावा. वळणावर ते घसरले तर चक्र हातात राहते, मोटार राहत नाही.

नोंद आणि प्रामाणिकपणा

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘विंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. त्यांच्या क्रमांकात ‘व्ही.ए.’ ही अक्षरे येतात. चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, ही अट आहे. अशी मोटार नित्य वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांपुरतीच ती बाहेर काढता येते. स्टिअरिंग बदलल्याने चॅसी वा इंजिन बदलत नाही, तरी जाणकाराच्या दृष्टीने मोटारीच्या अस्सलपणात आणि पर्यायाने तिच्या किमतीतही त्याचा हिशेब होतो.

म्हणूनच काढलेले जुने चक्र भंगारात देऊ नये. गंज साफ करून, तेलाचा पातळ हात देऊन, कापडात गुंडाळून ते मोटारीसोबत ठेवावे. दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे, वापरलेले साहित्य आणि कामाचे बिल एका वहीत लावावे. पुढे कधी मोटार विकण्याची वेळ आली तर ती वही ग्राहकापुढे उघडी करावी. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांमध्ये ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे नकली वस्तू अस्सल म्हणून खपविणे, याची गणना केली आहे. नवे स्टिअरिंग बसविण्यात कोणताही दोष नाही. ते जुने म्हणून विकण्यात आहे. पेढीवर माल दाखविताना जी सचोटी राखली जाते, तीच शेडमधल्या मोटारीलाही लागू पडते.

दुरुस्त मोटार प्रथम मोकळ्या मैदानात, संथ गतीने चालवावी. चक्र दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे आणि काही किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावा. उभ्या मोटारीच्या स्टिअरिंगवर सुती कापड टाकण्याची सवय ठेवली तर ऊन पुढची कित्येक वर्षे दूर राहील. मग घरातील लहानग्याला मांडीवर बसवून, मोटार शेडमध्येच उभी असताना, ते चक्र निःशंकपणे त्याच्या हाती देता येईल.