नदीपासून नावेपर्यंत

१२ डिसेंबर १९८१ रोजी टास्मानियातल्या मतदारांच्या हाती जी मतपत्रिका आली, तिच्यावर दोनच चौकोन होते. धरण कुठे बांधायचे, एवढेच विचारले होते. गॉर्डन नदीला फ्रँकलिन मिळते त्याच्या खाली, की ओल्गा मिळते त्याच्या वर? धरण नकोच म्हणणाऱ्यासाठी जागा ठेवलेली नव्हती. ती लोकांनी स्वतःच केली. जवळपास दर तिसऱ्या मतदाराने कागदावर हाताने 'धरण नको' असे लिहिले, घडी घातली आणि तो पेटीत टाकला. नियमाप्रमाणे अशी मते बाद. पण ती मोजावी लागली आणि मोजल्यावर लपवता आली नाहीत.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रीन्स पक्षाची वाटचाल आठवताना मला आधी ही मतपत्रिका दिसते. या पक्षाबद्दल एक प्रश्न गेली पंचवीस वर्षे विचारला जातो: नद्या आणि जंगले वाचवणाऱ्यांनी निर्वासितांच्या भानगडीत का पडावे? झाडांचे बघा, बाकीचे आम्ही बघतो, असा सल्ला त्यांना दोन्ही मोठ्या पक्षांकडून मिळत आला. या प्रश्नाचे उत्तर पक्षाच्या जन्मकथेतच आहे, असे माझे मत आहे.

ती कथा लेक पेडर या सरोवरापासून सुरू होते. टास्मानियाच्या नैर्ऋत्येला डोंगरांच्या कुशीत ते होते. त्याचा किनारा गुलाबी गारगोटीच्या वाळूचा, उन्हाळ्यात इतका रुंद आणि टणक की छोटी विमाने त्यावर उतरत. राज्याच्या जलविद्युत आयोगाने वीजप्रकल्पासाठी ते बुडवायचे ठरवले. ते वाचवण्यासाठी धडपडणाऱ्यांत ओलेगस त्रुखानास हा छायाचित्रकार होता. मूळचा लिथुआनियाचा. दुसऱ्या महायुद्धाने देशोधडीला लागलेल्या लाखो युरोपियनांपैकी एक. टास्मानियात आल्यावर त्याने नोकरी केली तीही त्याच जलविद्युत आयोगात, कारकुनाची. १९६७ च्या वणव्यात त्याचे घर आणि आयुष्यभराची छायाचित्रे जळून गेली. तो पुन्हा कॅमेरा घेऊन डोंगरात गेला आणि होबार्टच्या टाउन हॉलमध्ये पेडरच्या पारदर्शिका लोकांना दाखवू लागला. जानेवारी १९७२ मध्ये गॉर्डन नदीत छायाचित्रे काढायला गेला असताना तो बुडाला. त्याचा मृतदेह सापडला तो त्याच्या तरुण शिष्याला, पीटर डोंब्रॉव्स्किसला.

डोंब्रॉव्स्किसचे आईवडील लॅटव्हियाचे. त्याचा जन्म १९४५ चा, जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीतला. पाच वर्षांचा असताना तो ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागला.

मार्च १९७२ मध्ये होबार्टच्या त्याच टाउन हॉलमध्ये भरलेल्या सभेतून 'युनायटेड टास्मानिया ग्रुप' निघाला. जगातला पहिला हरित पक्ष म्हणून त्याचे नाव घेतले जाते. निवडणुकीत त्याला एकही जागा मिळाली नाही आणि पेडर पाण्याखाली गेले. पण हरलेली माणसे घरी बसली नाहीत. चार वर्षांनी लॉन्सेस्टनचे एक तरुण डॉक्टर, बॉब ब्राउन, एका मित्राबरोबर रबरी होडीतून फ्रँकलिन नदी उतरले. उतरताना जे पाहिले ते आता पेडरसारखे जाऊ द्यायचे नाही, हे ठरवूनच ते बाहेर आले. डिसेंबर १९८२ मध्ये धरणाच्या जागेवर सत्याग्रह सुरू झाला. लोक रबरी होड्यांतून बुलडोझरच्या वाटेत जाऊन उभे राहायचे, अटक करून घ्यायचे. बाराशेहून जास्त माणसे अशी पकडली गेली. ब्राउन १९ दिवस तुरुंगात होते. सुटकेला दिवस उलटतो न उलटतो तोच रिकाम्या झालेल्या एका जागेवर ते राज्याच्या विधानसभेत जाऊन बसले.

मार्च १९८३ च्या राष्ट्रीय निवडणुकीच्या तोंडावर मेलबर्न आणि सिडनीच्या दैनिकांत एक मोठी रंगीत जाहिरात आली. पहाटेचे धुके, काळसर पाणी, मधोमध एक खडकाळ बेट आणि त्याला वळसा घालून जाणारी फ्रँकलिन. हे नष्ट करणाऱ्या पक्षाला तुम्ही मत देणार का, असा खाली सवाल. छायाचित्र डोंब्रॉव्स्किसचे होते. सरकार बदलले. नव्या मजूर सरकारने धरण थांबवले आणि १ जुलै १९८३ रोजी उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा निकालाने ते थांबवणे वैध ठरवले. नदी आजही वाहते आहे. तिला देशाच्या डोळ्यांसमोर आणले ते छावणीत जन्मलेल्या एका मुलाने.

पुढची काही वर्षे मी भराभर ओलांडतो. १९८९ मध्ये टास्मानियात पाच हरित आमदार निवडून आले. त्यांतल्या ख्रिस्टीन मिल्न एका कागद-लगदा कारखान्याविरुद्धच्या लढ्यातून आलेल्या शिक्षिका होत्या. १९९२ मध्ये राष्ट्रीय पक्ष उभा राहिला आणि १९९६ मध्ये ब्राउन सिनेटमध्ये पोचले. समलिंगी संबंध हा टास्मानियात १९९७ पर्यंत गुन्हा होता, आणि ब्राउन १९७६ पासून आपण समलिंगी असल्याचे उघड सांगत होते. सामाजिक न्याय हा या पक्षाला मागाहून जोडलेला डबा नाही, हे एवढ्यावरूनही कळावे.

मग ऑगस्ट २००१. हिंदी महासागरात एक इंडोनेशियन नाव बुडायला आली होती. जवळून चाललेल्या 'टँपा' या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने तीवरच्या ४३३ माणसांना वर घेतले. बहुतेक अफगाणिस्तानातले हजारा, तालिबानच्या तडाख्यातून निसटलेले. जहाजावर स्वतःचे खलाशी २७. कप्तान आर्ने रिनान यांनी ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटाकडे मोर्चा वळवला. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी जहाजाला आपल्या हद्दीत यायला मनाई केली. रिनान तरीही आत आले, तेव्हा जहाजावर कमांडो चढवले गेले. कंटेनरांच्या मधल्या उघड्या डेकवर, उन्हात, बायकामुले बसून होती. अखेर त्यांतल्या बहुतेकांना नाउरू या चिमुकल्या बेटावर धाडले गेले, काहींना न्यूझीलंडने घेतले. मग ११ सप्टेंबर आला आणि भीतीला दुसरे नाव मिळाले. मजूर पक्षाने सरकारचे पहिले विधेयक अडवले खरे, पण महिन्याभरात तो सरकारच्या मागे जाऊन उभा राहिला. ऑक्टोबरात दुसरी एक नाव बुडाली आणि ३५३ माणसे मेली.

सिनेटमध्ये तेव्हा ग्रीन्सचा एकच माणूस होता. जनमत सरकारच्या बाजूने होते, निवडणूक तोंडावर होती. ब्राउन यांना जंगलांवर बोलत राहता आले असते, आणि कोणी त्यांना बोल लावला नसता. त्यांनी उभे राहून सांगितले की या माणसांना उतरवून घ्या, त्यांचे म्हणणे ऐका, कायद्याने ठरवा. हे त्यांनी निवडणुकीतही सांगितले. नोव्हेंबरात हॉवर्ड जिंकले. पण ग्रीन्सची मतेही आधीच्या निवडणुकीपेक्षा जवळपास दुप्पट झाली. आपला पक्ष गप्प बसला याची लाज वाटलेले मजूर मतदार तिकडे गेले. वर्षभरात पोटनिवडणुकीत त्यांचा पहिला खासदार खालच्या सभागृहात गेला.

या माणसांविरुद्धचा युक्तिवाद आपल्यालाही परका नाही. 'रांग मोडून आले' असे म्हटले जायचे. व्हिसासाठी महिनोन्महिने कागद गोळा करून, इंग्रजीची परीक्षा देऊन, गुण मोजून मेलबर्न-सिडनीला गेलेल्या मराठी घरांतही तो पटकन पटण्यासारखा आहे: आम्ही रीतसर आलो, यांनी का नाही? पण जीव घेऊन पळणाऱ्यासाठी रांग नसते. दारात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला थोडे थांब, अर्ज मंजूर व्हायचाय, असे सांगता येत नाही. म्हणूनच १९५१ च्या निर्वासित करारात, कागदपत्रांशिवाय आश्रय मागायला आलेल्याला त्याबद्दल शिक्षा करू नये, अशी तरतूद आहे. ऑस्ट्रेलियाने त्यावर सही केलेली आहे. ग्रीन्स त्या सहीची आठवण करून देत राहिले.

टँपानंतर बारा वर्षांनी, जुलै २०१३ मध्ये, मजूर सरकारनेच ठरवले की नावेने येणाऱ्या कोणालाही ऑस्ट्रेलियात वसू द्यायचे नाही. त्यानंतर काही दिवसांतच येऊन पोचलेला बेहरूझ बुचानी हा इराणी कुर्द पत्रकार पापुआ न्यू गिनीतल्या मॅनस बेटावर डांबला गेला. तिथून त्याने फोनवर, फारसीत, व्हॉट्सॲपच्या संदेशांमधून तुकड्या-तुकड्याने एक पुस्तक लिहिले. जानेवारी २०१९ मध्ये त्याला व्हिक्टोरिया राज्याचा सर्वोच्च साहित्य पुरस्कार मिळाला, आणि तो घ्यायला त्याला ऑस्ट्रेलियात पाऊल ठेवता आले नाही. २०१७ मध्ये मॅनसची छावणी बंद झाली, पाणी-वीज तोडली गेली आणि माणसे आत अडून बसली, तेव्हा ग्रीन्सचे सिनेटर निक मॅकिम तिथे गेले होते. २०१९ च्या आरंभी विरोधी पक्ष आणि अपक्षांनी मिळून आजाऱ्यांना उपचारासाठी ऑस्ट्रेलियात आणण्याचा कायदा करून घेतला. तो वर्षभरही टिकला नाही, डिसेंबरात रद्द झाला. तेवढ्या महिन्यांत जे उपचाराला पोचले त्यांच्यासाठी तो कायदा खरा होता.

निर्वासितांच्या बाबतीत मला या पक्षाचा हट्ट बरोबर वाटतो. हवामानाच्या बाबतीत तोच हट्ट एकदा महागात पडला, हेही सांगायला हवे.

२ डिसेंबर २००९. पंतप्रधान केविन रड यांचे कार्बन-व्यापाराचे विधेयक सिनेटमध्ये ३३ विरुद्ध ४१ मतांनी पडले. विरोधी लिबरल पक्षाच्या दोन सदस्यांनी आपला पक्ष सोडून बाजूने मत दिले होते. ग्रीन्सचे पाच जण विरोधात गेले. ते पाच इकडे असते तर ३८ विरुद्ध ३६ ने ते पास झाले असते. उद्दिष्ट अगदीच तोकडे आहे, प्रदूषण करणाऱ्यांनाच पैसे वाटले जाणार आहेत, असे ग्रीन्सचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य होते. तरीही मला वाटते त्यांनी ते पदरात पाडून घ्यायला हवे होते. आदल्याच दिवशी टोनी ॲबट विरोधी पक्षनेते झाले होते. वारे कुठे वळते आहे ते दिसत होते.

भरपाई करायची संधी मात्र त्यांना मिळाली. २०१० मध्ये त्रिशंकू संसद आली, ग्रीन्सचे ॲडम बँट मेलबर्नमधून निवडून गेले आणि ज्युलिया गिलार्ड यांच्या मजूर सरकारला ग्रीन्सशी करार करावा लागला. १ जुलै २०१२ पासून टनामागे २३ डॉलर कार्बनची किंमत लागू झाली. ती ॲबट सरकारने १७ जुलै २०१४ रोजी काढून टाकली. पण त्याच करारातून निघालेली अक्षय ऊर्जेची संस्था आणि स्वच्छ ऊर्जेला भांडवल पुरवणारे महामंडळ मोडता आले नाही. ती दोन्ही आजही काम करतात.

दुसरी चूक आपल्या जवळची आहे. क्वीन्सलँडमधल्या कारमायकल कोळसा खाणीचा मालक अहमदाबादचा अदानी समूह. एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त ब्राउन होबार्टहून गाड्यांचा ताफा घेऊन खाणीविरुद्ध उत्तरेकडे निघाले. क्लेरमॉन्ट या खाणगावात त्यांचे स्वागत घोषणांनी आणि बंद दारांनी झाले. गावाला दिसले ते एवढेच की दूरच्या शहरांतली माणसे आपली रोजी हिरावायला आली आहेत. मे महिन्यात क्वीन्सलँडने मजूर पक्षाला झोडपले आणि सरकार बदलण्याची संधी हुकली. खाण सुरू झाली. अपुऱ्या का होईना, रोजगाराच्या पर्यायाची बोलणी घेऊन आधी गावात बसायला हवे होते. सत्याग्रह फ्रँकलिनच्या निर्जन काठावर चालतो, तसा तो दुसऱ्याच्या चुलीसमोर चालत नाही.

त्याच क्वीन्सलँडच्या राजधानीने, ब्रिस्बेनने, २०२२ मध्ये ग्रीन्सचे तीन खासदार निवडून दिले. काही महिन्यांपूर्वीच शहर पुरात बुडाले होते, आणि कार्यकर्ते दारोदार फिरत असताना हवामानाइतकेच घरभाड्यावर बोलत होते. मे २०२५ मध्ये त्यांतल्या दोन जागा गेल्या आणि बँट यांची मेलबर्नची जागाही गेली. आपल्याकडे विधान परिषदेला असते तशी तिथे पसंतीक्रमाची पद्धत आहे. २०१० मध्ये बँट पहिल्या पसंतीत मागे होते, लिबरल मतदारांच्या पुढच्या पसंतीने तरले. २०२५ मध्ये ते पहिल्या पसंतीत पुढे होते, आणि लिबरल मतदारांची पुढची पसंती या वेळी मजूर पक्षाकडे गेली. सिनेटमध्ये मात्र पक्ष टिकला. लॅरिसा वॉटर्स नेत्या झाल्या. उपनेतेपदी मेहरीन फारुकी राहिल्या: लाहोरमध्ये जन्मलेल्या स्थापत्य अभियंता, ऑस्ट्रेलियन सिनेटमधल्या पहिल्या मुस्लिम महिला. सरकारच्या मतांत ग्रीन्सची भर पडली की तिथे बहुमत होते.

ख्रिस्टीन मिल्न आता कोणत्याच सभागृहात नाहीत. पेडरचे पाणी सोडून द्या, अशी मोहीम त्या चालवतात. जलाशयाच्या तळाशी, सुमारे पंधरा मीटर पाण्याखाली, तो गुलाबी वाळूचा किनारा गाळाच्या पातळ थराखाली जवळपास जसाच्या तसा आहे. पाणबुडे तिथपर्यंत जाऊन आले आहेत.