औषधाच्या चिठ्ठीवरील आकार

गोव्याहून इंग्लंडातील स्विंडन येथे जाऊन स्थायिक झालेली कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत. तेथील सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टरांची तपासणी विनामूल्य, इस्पितळातील शस्त्रक्रियाही विनामूल्य. मात्र चिठ्ठी घेऊन औषधांच्या दुकानी गेले की चिठ्ठीतील प्रत्येक औषधामागे ९ पौंड ९० पेन्स मोजावे लागतात. हा दर १ मे २०२४ रोजी लागू झाला.

५ जुलै १९४८ रोजी ही सेवा सुरू झाली तेव्हा औषधे मोफत होती. कवळ्या व चष्मे यांवर आकार बसू लागताच १९५१ साली अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. (औषधांवर आकार बसविण्याची मुभा देणारा १९४९ चा कायदा मात्र ते आरोग्यमंत्री असतानाच झाला होता!) १९५२ मध्ये चिठ्ठीमागे एक शिलिंग बसला, १९६५ मध्ये तो उठला आणि १९६८ मध्ये आकार परत आला, त्या वेळी माफीस पात्र अशा रोगांची एक यादी करण्यात आली.

आमचा आक्षेप आहे तो या यादीवर. औषध घेणारा मधुमेही व अपस्माराचा रोगी तीत आहेत, आणि त्यांना सर्वच औषधे मोफत मिळतात. दमेकरी तीत नाही. २००९ साली कर्करोगाची भर पडली, एवढाच काय तो मोठा बदल. साठी उलटलेल्या लक्षाधीशास काही द्यावे लागत नाही. गुदामात राबणाऱ्या चाळिशीच्या दमेकऱ्यास, त्याची मिळकत सरकारी साहाय्याच्या मर्यादेहून किंचित अधिक असली की, पुरते दाम पडतात. वर्षाचे ११४ पौंड ५० पेन्स भरून सर्व औषधे घेण्याची सोय आहे, हप्तेही पाडून मिळतात. परंतु ही सोय पुष्कळांना ठाऊकच नसते. वेल्सने २००७, उत्तर आयर्लंडने २०१० व स्कॉटलंडने २०११ साली हा आकार सर्वांसाठीच रद्द केला. म्हणजे सेव्हर्न नदीपलीकडच्या दमेकऱ्यास तेच औषध फुकट.

दम्याची औषधे बहुधा दोन: एक धाप लागताच आराम देणारे, दुसरे रोज ओढून धाप येऊच न देणारे. दुसऱ्याचा गुण तत्काळ जाणवत नाही. म्हणून पैशांची ओढ असली की रोगी दुकानदारास विचारतो, “यांतले कोणते सोडले तर चालेल?” आणि सोडतो ते दुसरेच. पुढे मध्यरात्री झटका येतो, रुग्णवाहिका बोलवावी लागते. तिचे, आणि इस्पितळातील खाटेचे, त्याच्याकडून कोणी काही घेत नाही.